नवतप्यात मारलेलं सिरॅमिक कोटिंग

मार्चमध्ये बायकोची भिशी लागली. त्यातले २२ हजार तिने गाडीच्या सिरॅमिक कोटिंगसाठी, म्हणजे रंगावर चढवायच्या पातळ संरक्षक थरासाठी, काढून दिले. गाडी गडद निळी, जेमतेम चार महिन्यांची, आणि आमच्याकडे झाकलेलं पार्किंग नाही. गाडी कडुनिंबाखाली उभी असते, वरून नागपूरचं ऊन. रंग टिकावा एवढीच तिची इच्छा होती. ते पैसे कसे गेले हे सविस्तर लिहितोय, कारण दर उन्हाळ्यात रिंग रोडवर अशा दुकानांच्या पाट्या वाढलेल्या दिसतात.

दुकानदार तरुण, गोड बोलणारा. त्याने काळ्या बोनेटच्या एका तुकड्यावर मार्करने रेघ ओढली आणि कपड्याने पुसून दाखवली. पाणी ओतलं, मोत्यासारखे थेंब पळाले. '९एच हार्डनेस, तीन कोट, पाच वर्षांची वॉरंटी.' मी भारावलो. आज कळतं की पाण्याचे असे थेंब काही शे रुपयांच्या वॅक्स स्प्रेनेही होतात, आणि ताजं वॅक्स असलं तर मार्करही बहुतेक वेळा पुसला जातो. ९एच हे पेन्सिलीच्या चाचणीचं माप आहे. त्या चाचणीतल्या सगळ्यात कडक पेन्सिलीनेही ओरखडा उठला नाही, इतकाच त्याचा अर्थ. समृद्धीवर पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेला खडा त्याने अडत नाही.

मी विचारलं होतं, एवढ्या उन्हात कोटिंग मारणं बरं का? मे महिन्याचा शेवट, नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, पारा ४५ च्या वर. तो म्हणाला, "उलट बेस्ट आहे भाऊ. गरमीत कोटिंग पक्कं बसते. बाहेर लोक लॅम्प लावून शेकतात, आपल्याकडे देवानं फुकट देऊन ठेवलं आहे."

हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही, कारण ते निम्मं खरं आहे. कोटिंग लावून, पुसून झाल्यावर पुढे इन्फ्रारेड दिव्याने पृष्ठभाग शेकतात, ते खरंच. पण लावताना पत्रा थंड लागतो. हे द्रव बाटलीतून स्पंजावर घ्यायचं, एका वेळी छोट्या भागावर आडवं-उभं पसरायचं, त्यातलं सॉल्व्हंट उडून पृष्ठभागावर इंद्रधनुषी झाक आली की मायक्रोफायबरने समतल पुसायचं. साधारण १५ ते २५ अंशांत कारागिराला त्यासाठी पुरेसा वेळ मिळतो. तापलेल्या पत्र्यावर ते काही सेकंदांत आवळतं. पुसायला कपडा टेकेपर्यंत जागोजागी जाड थर राहून गेलेला असतो. कारागीर त्याला हाय स्पॉट म्हणतात. एकदा तो वाळला की कपड्याने निघत नाही, मशीनने घासावाच लागतो.

मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. दुपारी दोनच्या सुमारास दुसरी चावी द्यायला गेलो, तेव्हा जे पाहिलं ते पाहूनही मी गप्प राहिलो, याचा मला राग येतो. वर टिनाचं शेड, तिन्ही बाजू उघड्या. बोनेटला हात लावला तर चटका बसला. आणि गाडीच्या तोंडासमोर भला मोठा डेझर्ट कूलर, ओल्या खसाच्या पडद्यातून भणाण वारा फेकत होता. मला वाटलं, बघा, किती काळजी घेतात! घरी कूलरसमोर बसणाऱ्या माणसाला असंच वाटणार. पण कूलर हवा गार करतो तो तिच्यात पाणी मिसळूनच. कोटिंग घट्ट होतं तेही हवेतल्या ओलाव्यामुळे, म्हणून थोडी आर्द्रता लागतेच. मात्र साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या वर ती गेली की थराचं गणित बिघडतं, तो चिकट होतो, पुसताना ओढला जातो, ढगाळ डाग राहतात. शिवाय उघड्या शेडमधली सगळी धूळ तो कूलर ओल्या थरावर आणून टाकत होता. तापलेला पत्रा आणि समोरून ओलसर वारा, दोन्ही संकटं एकाच वेळी.

सकाळी नऊला दिलेली गाडी संध्याकाळी सहाला परत! नुसतं धुणं, क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) फिरवणं, मशीनने पॉलिश आणि अल्कोहोलने पुसणं एवढीच तयारी नीट केली तरी एक दिवस जातो. त्यावर तीन कोट, दोन कोटांमध्ये थांबणं वेगळं. मी त्यालाही 'झटपट काम' म्हणून शाबासकी दिली.

त्याच रात्री विजा कडाडल्या आणि अवकाळी पाऊस आला. कोटिंग लावल्यावर निदान पहिले १२ ते २४ तास पाणी लागू नये आणि आठवडाभर गाडी धुवू नये, असं बहुतेक कंपन्या सांगतात. गाडी ताब्यात देताना मला कुणी एक शब्द सांगितला नव्हता. सकाळी बोनेटवर धुळीचे गोल ठसे होते, पुसले तरी कडा राहिल्या. चार दिवसांनी पेट्रोल पंपाच्या दिव्यांखाली उभा होतो तर दरवाजांवर तेलासारखे सप्तरंगी पट्टे.

दुकानात गेलो. "पाणी लागलं ना दादा, मग वॉरंटी गेली." मग कार्ड उलटं करून बारीक अक्षरं दाखवली: दर चार महिन्यांनी त्यांच्याकडेच अडीच हजारांचा मेंटेनन्स, आणि पाण्याचे डाग वॉरंटीत नाहीत.

पुरावा म्हणून त्याने मला दोन फोटो पाठवले होते. रंगाची जाडी मोजणाऱ्या मीटरवर कोटिंगआधी १०४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), नंतर १३८. ते घेऊन मी मनीषनगरच्या बाजूच्या एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्यांनी माझ्यासमोर सगळं बोनेट मोजलं. एकाही जागी ११२ च्या वर आकडा नाही. "कोटिंग एक-दोन मायक्रॉनचं असते भाऊ. चौतीस कुठून येतीन? आणि पॉलिश केलं असतं तर आकडा थोडा कमी व्हायला पाहिजे." १३८ चा तो फोटो माझ्या गाडीचा होता की नाही, देव जाणे. बाटलीत काय होतं तेही कळणार नाही. ती माझ्यासमोर उघडली नव्हती आणि मीही मागितली नव्हती.

पट्टे काढायला त्यांनी मशीन फिरवलं, आठ हजार घेतले. पैशांपेक्षा मला हे लागलं की घासताना क्लिअर कोटचाही, म्हणजे रंगावरच्या कंपनीच्या पारदर्शक थराचाही, थोडा भाग गेला. तो साधारण ४०-५० मायक्रॉनचाच असतो आणि पुन्हा वाढत नाही.

माझ्याकडे जीएसटीचं बिल नव्हतं, हातात होती 'एस्टिमेट' लिहिलेली चिठ्ठी. १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी आधी बिलच विचारलं. यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश जपले होते म्हणून तक्रार तरी उभी राहिली. पावती न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथा आहे, हे तेव्हा कळलं. दुकानदाराने पाच हजार परत केले आणि फोन उचलणं बंद केलं. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज तयार करतोय. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. कुणाचे पैसे असेच अडकले असतील तर वेळ घालवू नका.

आणि कोटिंग मारायचंच असेल तर दुकानात शिरताच आधी जागा बघा. बंद खोली आहे का, एसी आहे का, भिंतीवर तापमान आणि आर्द्रता दाखवणारा साधा मीटर आहे का. लावायच्या आधी पत्र्याला स्वतःचा हात लावा. बाटलीचं सील तुमच्या डोळ्यांसमोर तुटू द्या, तिच्यावरच्या बॅच नंबरचा फोटो घ्या, आणि गाडी रात्रभर आत ठेवायला ते तयार नसतील तर चावी परत मागा.

त्या जुन्या कारागिरांना मी म्हटलं, आता तुम्हीच मारून द्या. त्यांनी भिंतीवरच्या मीटरकडे बोट दाखवलं. जुलैचा पाऊस लागला होता, ७८ टक्के. "आत्ता नाही. डिसेंबरात या." बायकोने कॅलेंडरवर तारखेला गोल केला आहे. तोवर गाडी कापडी कव्हरखाली आहे.