एफ-डोपा की ट्रोडॅट? कंपवाताच्या स्कॅनला खान्देशातून निघण्याआधी

डॉक्टरांनी कंपवाताचा संशय बोलून दाखवला, एमआरआयमध्ये काही सापडलं नाही आणि आता चिठ्ठीवर डोपामाइनचा, म्हणजे हालचालींसाठी मेंदूला लागणाऱ्या रसायनाचा, स्कॅन लिहून दिलाय, अशा टप्प्यावर असलेल्यांसाठी हे लिहितोय. एमआरआयचा खर्च वाया गेला असं समजू नका. पक्षाघाताचे छोटे झटके किंवा मेंदूत साचलेलं पाणी नाही, एवढं त्यातून कळतं आणि तेवढ्यासाठीच तो असतो.

आमच्यापुढे या स्कॅनचे दोन प्रकार आले, एफ-डोपा आणि ट्रोडॅट. दोन्हींत किरणोत्सारी औषधाची सुई देऊन मेंदूतल्या डोपामाइनच्या पेशींचं चित्र काढतात; एफ-डोपाचं चित्र पेट (PET) नावाच्या यंत्रावर निघतं. आमच्या अमळनेरच्या घरात दोन्ही झालेत. थोरल्या काकांचा, म्हणजे आबांचा, एफ-डोपा पेट मुंबईला झाला. पुढे नानांची, माझ्या वडिलांची, वेळ आली तेव्हा आम्ही ट्रोडॅट निवडला. दोन्ही वेळी सोबत मी होतो. मी डॉक्टर नाही, पण जे पाहिलं त्यावरून माझा कल ट्रोडॅटकडे आहे.

एफ-डोपाची बाजू आधी सांगतो, कारण ती कमकुवत नाही. पेटचं चित्र जास्त स्पष्ट येतं. सुई दिल्यावर दीड-दोन तासांत माणूस मोकळा होतो, तर ट्रोडॅटला सुईनंतर तीन-चार तास थांबावं लागतं. एक फरक मात्र डॉक्टरांशी बोलून घ्यावा असा आहे. एफ-डोपात पेशी डोपामाइन किती बनवतात ते दिसतं. ट्रोडॅटमध्ये डोपामाइन परत आत ओढून घेणारी यंत्रणा किती उरली ते दिसतं. आजाराच्या सुरुवातीला उरलेल्या पेशी जास्त काम करून भरपाई करत असतात, त्यामुळे त्या काळात एफ-डोपात नुकसान खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतं.

पण आमचा निर्णय चित्रावरून झाला नाही. तो गोळ्यांवरून झाला.

एफ-डोपाच्या आधी कंपवाताच्या गोळ्या बंद ठेवायला सांगतात, साधारण बारा तास तरी, शिवाय उपाशीपोटी. मुंबईत राहणाऱ्याला हे जमून जातं. आबांना अमळनेरहून जळगावला येऊन रात्रीची गाडी धरायची होती. संध्याकाळची गोळी चुकवली आणि मनमाडच्या पुढे त्यांना कूस बदलता येईना. कल्याणला गाडी थांबली तेव्हा दारापाशी त्यांचा पाय उचलेना आणि मागून उतरणाऱ्यांची घाई चालू. केंद्रावर पोचलो तर सुईचं औषध यायला उशीर होता. यात केंद्राचाही दोष म्हणता येणार नाही. त्यातलं किरणोत्सारी फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं, म्हणून ते साठवून ठेवता येत नाही, ते बनवणाऱ्या सायक्लोट्रॉन यंत्रावरून निघालं की लगेच वापरावं लागतं. पण तेवढा वेळ आबा बाकावर ताठ होऊन बसलेले, हनुवटी थरथरतेय आणि ते मला म्हणतायत, "माले अर्धी तरी गोई दे रे." गोळी माझ्या खिशात होती आणि देता येत नव्हती. म्हाताऱ्या माणसाला इतकं सोसायला लावण्याआधी दुसरा पर्याय बघावा असं मला तेव्हापासून वाटतं.

ट्रोडॅटला लेव्होडोपा, म्हणजे कंपवाताची नेहमीची गोळी, बहुधा थांबवावी लागत नाही. नैराश्यावरच्या किंवा सिगारेट सोडण्यासाठीच्या काही गोळ्या, जसं की ब्युप्रोपिऑन, अडथळा आणतात, त्यामुळे चालू औषधांची यादी आधी दाखवा. यातलं किरणोत्सारी टेक्नेशियम केंद्रातल्याच जनरेटर नावाच्या उपकरणातून काढतात आणि ते निम्मं व्हायला सहा तास लागतात, त्यामुळे वेळेचा ताणही कमी. नानांनी गोळी आपल्या वेळेला घेतली, मधल्या वेळात डबा खाल्ला, थोडे फिरले. खर्च आम्हाला पंधरा हजारांच्या आत पडला. आबांचा त्याहून बराच जास्त झाला होता, मुंबईतला मुक्काम वेगळा.

नानांच्या बाबतीत स्कॅनची गरज खरोखर होती. ॲसिडिटीसाठी ते लेव्होसल्पिराइड असलेली कॅप्सूल कितीतरी दिवस घेत होते. हे औषध, उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करवरचं सिनारिझिन, यांनी हुबेहूब कंपवातासारखी लक्षणं येतात. अशा वेळी स्कॅन सहसा नॉर्मल येतो. कॅप्सूल बंद करून काही महिने गेले तरी उजवा हात थांबला नाही, तेव्हा डॉक्टरांनी स्कॅन सांगितला. चित्रात निरोगी माणसाला दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारखे आकार दिसतात. नानांच्या डाव्या बाजूला शेपूट गेलेली, नुसता ठिपका उरलेला. शंका मिटली.

त्यामुळे माझी विनंती अशी की आधी घरातली सगळी औषधं, ॲसिडिटीचीसुद्धा, पिशवीत घालून न्यूरोलॉजिस्टसमोर ठेवा. थरथर एका बाजूने सुरू झालेली, हालचाल मंदावलेली आणि लेव्होडोपाने स्पष्ट फरक पडतोय, असं असेल तर स्कॅन लागेलच असं नाही. मात्र गोळीची परीक्षा नीट घ्या. डाळीतली प्रथिनं औषध शोषायच्या आड येतात. नाना आधी वरण-बट्टीच्या जेवणानंतर लगेच गोळी घ्यायचे आणि गुण येत नाही म्हणायचे. जेवणाआधी अर्धा तास घ्यायला लागल्यावर दुपारी स्वतःची बंडी स्वतः घालू लागले. हेही धरून ठेवा की पीएसपी किंवा एमएसएसारखे कंपवाताशी मिळतेजुळते आजार यातला कुठलाच स्कॅन खात्रीने वेगळे काढत नाही.

नव्या चाचण्यांबद्दलही लोक विचारतात. पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून अल्फा-सिन्युक्लिन, म्हणजे कंपवातात पेशींत साचणारं प्रथिन, शोधायची चाचणी आहे. 2023 च्या मोठ्या अभ्यासात ती कंपवाताच्या सुमारे 88 टक्के रुग्णांमध्ये पॉझिटिव्ह आली. मान, मांडी आणि घोट्याजवळच्या कातडीचे बारीक तुकडे घेऊन त्यात तेच प्रथिन तपासायची पद्धत 2024 च्या अभ्यासात सुमारे 93 टक्क्यांपर्यंत गेली. संशोधन म्हणून फार मोलाचं काम आहे हे. पण आजार थांबवणारं औषध अजून नाही, त्यामुळे उत्तर काहीही आलं तरी उद्याची गोळी बहुधा तीच राहते. त्यासाठी सध्या पैसे उभे करावेत असं मला वाटत नाही.

ट्रोडॅट ठरलाच तर नाशिक, पुणे, जिथे जाल तिथे आधी फोन करून हा स्कॅन कुठल्या वारी करतात ते विचारा, सगळीकडे रोज होत नाही. रिपोर्टबरोबर चित्रांची सीडी मागून घ्या. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्टचा कागद बाजूला ठेवून तीच जास्त वेळ पाहिली.