ब्लॅक हिस्ट्री शिकवायला वर्गातली टेक्नॉलॉजी: वर्षभर वापरून झाल्यावर

मी न्यू जर्सीत आठवीला सोशल स्टडीज शिकवते. आमच्या राज्यात 2002 पासून अमिस्टॅड कायदा आहे, म्हणजे फेब्रुवारीत, ब्लॅक हिस्ट्रीच्या महिन्यात, चार पोस्टरं चिकटवली की सुटलो असं चालत नाही, आफ्रिकन-अमेरिकन इतिहास वर्षभराच्या अभ्यासक्रमातच घालावा लागतो. सप्टेंबरपासून माझ्या वर्गात भिंतीवर मोठा टचपॅनल आहे, प्रत्येक मुलाकडे क्रोमबुक, शिवाय डिस्ट्रिक्टने घेतलेली व्हीआर हेडसेटची पेटी आणि दोन-तीन अ‍ॅपच्या वर्गण्या. आता जून आलाय, काय चाललं आणि काय कपाटात गेलं ते सांगते. इथल्या मराठी पालकांना आपलं पोर स्क्रीनवर नक्की काय बघतंय हे कळलेलं बरं, आणि शिक्षक असाल तर तुमचे पैसे वाचतील.

सगळ्यात जास्त वापरलं ते स्लेव्ह व्हॉयेजेस. फुकट आहे. हा डेटाबेस 1999 मध्ये सीडीवर आला होता, आता ऑनलाइन आहे, गुलामांना घेऊन अटलांटिक पार केलेल्या 36 हजारांवर जहाजफेऱ्यांची नोंद त्यात आहे. अंदाजाचे आकडे असे: आफ्रिकेतून जहाजात कोंबलेली माणसं सुमारे 1 कोटी 25 लाख, पलीकडे जिवंत उतरलेली 1 कोटी 7 लाख. मधले 18 लाख समुद्रात गेले. आणि मुलांना दरवर्षी धक्का बसतो तो याचा की आजच्या अमेरिकेच्या भागात थेट आणलेले त्यातले जेमतेम 3 लाख 88 हजार, ब्राझीलमध्ये 48 लाखांच्या आसपास. लहानपणापासून त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं की गुलामगिरी म्हणजे जॉर्जिया आणि कापूस, एवढंच.

त्यात एक टाइमलॅप्स नकाशा आहे, एक ठिपका म्हणजे एक जहाज. पॅनलवर लावला की वर्ग गप्प होतो खरा, पण खरं सांगू का, तो फार छान दिसतो. ठिपके सुसाट धावतात आणि मागून आवाज येतो ‘पुन्हा लावा ना’, जसं काही गेमच आहे. म्हणून मी तो एकदाच चालवते, मध्येच थांबवते, एका ठिपक्यावर बोट ठेवते, जहाजाचं नाव, झेंडा कुणाचा, किती माणसं चढवली, आणि मग उरलेला तास त्या एकाच जहाजावर घालवते.

पण माझ्या मते या साइटवरची खरी चीज म्हणजे आफ्रिकन नावांची यादी, आणि ती फारसं कुणी उघडत नाही. 1808 नंतर गुलामांची वाहतूक बंदी मोडून चालूच होती, तेव्हा पकडलेल्या जहाजांवरून सोडवलेल्या माणसांची नोंद फ्रीटाऊन, हवाना वगैरे ठिकाणच्या रजिस्टरांत झाली. 91 हजारांवर माणसं आहेत त्यात, नाव, वय, उंची इंचांत. मी मुलांना सांगितलं वयाच्या रकान्यात 13 टाका. वर्गात सगळे तेराचेच. एक मुलगा, एरवी कधी हात वर करत नाही, तो यादी वाचता वाचता उठला आणि दाराच्या चौकटीशी जाऊन फूटपट्टीने चौपन्न इंचांची खूण शोधायला लागला. ती त्याच्या खांद्याच्या खाली आली. कुणी हसलं नाही. मी काही बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती, पुढची दहा मिनिटं पोरं आपापली उंची मोजत होती आणि रजिस्टरशी ताडून बघत होती.

दुसरं, लायब्ररी ऑफ काँग्रेसकडच्या, एकेकाळी गुलाम असलेल्या माणसांच्या ध्वनिमुद्रणांना शंभर मार्क. फाउंटन ह्यूज नावाचे गृहस्थ, 1949 मध्ये बाल्टिमोरला रेकॉर्ड केलेले, वय स्वतःच सांगतात 101, आणि त्यांचे आजोबा कुणाचे गुलाम तर राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सनचे. खरखर भरपूर. सुरुवातीला ह्यूज चक्क उधारीवर भाषण देतात, वस्तू हवी असेल तर थांबा, पैसे साठले की रोख देऊन घ्या, हप्त्यावर घेऊ नका. मुलं खुदखुदतात, कारण प्रत्येकाच्या घरी असं बोलणारं कुणीतरी आहे. आणि मग त्याच आवाजात ते सांगतात की गुलाम होतो तेव्हा पलंग नव्हता, जमिनीवर पथारी टाकून झोपायचो, माणसं गुरांसारखी विकली जायची. हसणारी पोरं तिथे एकदम शांत. यासाठी पॅनलचे स्पीकर मात्र कुचकामी, मी घरून ब्लूटूथ स्पीकर नेला.

याच लायब्ररीकडे 1936 ते 38 मध्ये अशाच माणसांच्या लिहून घेतलेल्या मुलाखती आहेत, 2300च्या वर. त्या मात्र आधी स्वतः वाचा. लिहून घेणारे बहुतेक गोरे, बोली वेडीवाकडी करून लिहिलेली, शिव्या जशाच्या तशा, आणि समोर गोरा माणूस बसलाय म्हणून म्हातारी माणसं जपून बोलतायत हेही मुलांना सांगावं लागतं. आमच्या शाळेच्या फिल्टरने त्या शिव्यांपायी अर्धी पानं ब्लॉक केली. गंमत बघा, तोच फिल्टर कार रेसिंगचे गेम आरामात जाऊ देतो!

रेडलायनिंगसाठी, म्हणजे ब्लॅक वस्त्यांना धोक्याच्या ठरवून घरकर्ज नाकारायची पद्धत शिकवायला, रिचमंड युनिव्हर्सिटीची मॅपिंग इनइक्वॅलिटी ही साइट. 1930च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले, हिरवा उत्तम, लाल धोक्याचा, आणि प्रत्येक वस्तीच्या फॉर्मवर ‘निग्रो’ राहतात का, किती टक्के, यासाठी वेगळा रकाना. एसेक्स काउंटीचा नकाशा उघडला की पोरं आपली गल्ली शोधतात. क्रोमबुकवर अडखळतं थोडं, पॅनलवर मस्त.

आता व्हीआर. पैसे पाण्यात. जहाजाच्या तळघरात ‘उभं’ करणारं सॉफ्टवेअर आहे, मी आधी घरी घालून बघितलं आणि वर्गात वापरलंच नाही. वर्गात ब्लॅक मुलं आहेत, त्यांना बेड्यांत बसवून बाकीच्यांनी आळीपाळीने ‘अनुभव’ घ्यायचा हे मला पटत नाही. क्विझ अ‍ॅपही याच कारणाने या धड्यांना बंद. जहाजावर किती मेले याच्या उत्तराला घड्याळ, ढिंगचॅक म्युझिक आणि वर बक्षिसाचे तारे? नको. तारखा पाठ करायला ठीक आहे.

आणि ते एआयवाले, ‘हॅरिएट टबमनशी गप्पा मारा’. टबमन म्हणजे गुलामगिरीतून स्वतः निसटून इतरांनाही सोडवणाऱ्या. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांचं जे काही आपल्यापर्यंत आलं ते दुसऱ्यांनी उतरवून घेतलेलं, आणि हे अ‍ॅप त्यांच्या तोंडी गोडगोड सुविचार घालतं. एका मुलीने विचारलं, हे त्या कुठे म्हणाल्या? अ‍ॅपकडे उत्तर नाही. मुलीला पूर्ण मार्क दिले, अ‍ॅप काढून टाकलं.

आपल्याकडच्या मुलांसाठी खास एक सांगते. मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅमहर्स्ट कॅम्पसने डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस या ब्लॅक विचारवंतांची कागदपत्रं ऑनलाइन ठेवलीत, त्यात बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना लिहिलेलं 1946चं पत्र आहे. अमेरिकेतल्या ब्लॅक लोकांनी युनोकडे अर्ज केल्याचं वाचलं, त्याच्या दोन-तीन प्रती मिळवून द्याल का, अशी विचारणा. ड्यू बॉईसनी उत्तरही दिलं. वर्गातली देशी मुलं एरवी या विषयात पाहुण्यांसारखी बसतात, ते पत्र झूम करून दाखवलं तेव्हा पहिल्यांदा पुढे सरकली. एकीने घरी विचारलं, तर आजीने महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका सांगितली, 1873ची, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलेली. आजी भारी!

न्यू जर्सीचं स्वतःचं प्रकरण मात्र कुठल्याच अ‍ॅपमध्ये धड नाही. 1800च्या जनगणनेत इथे 12,422 गुलाम होते, 1804चा कायदा नुसता हळूहळू मुक्तीचा, 1860 मध्येही ‘जन्मभराचे शिकाऊ’ या नावाखाली 18 जण उरलेच होते. त्यासाठी मी जनगणनेची पानं स्कॅन करून गूगल क्लासरूमवर टाकते, जुन्या पद्धतीने.

व्हीआरचं रिन्यूअल करायचं का असं ऑफिसने विचारलंय, मी नाही लिहून दिलं आणि त्या पैशात वर्गांना चांगले स्पीकर मागितलेत. तुम्ही हे पुढच्या वर्षी करणार असाल तर फिल्टरमधून सोडायच्या साइटींची यादी ऑगस्टमध्येच आयटीला द्या. फेब्रुवारीत दिली तर उत्तर येतं एप्रिलमध्ये.