नोकरी सांभाळून पदवी : मुक्त विद्यापीठाविषयी माझा अभिप्राय

नाशिकजवळ गोवर्धन येथे मुख्यालय असलेल्या आणि १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून मी अंबडच्या एका कारखान्यात नोकरी करीत बी.ए. पूर्ण केले. माझ्या समाधानाचे पहिले कारण तेथील पुस्तके आहेत. शिक्षक समोर नाही हे गृहीत धरूनच ती लिहिलेली आहेत. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मध्ये स्वयं-अध्ययनाचे प्रश्न आणि शेवटी त्यांची उत्तरे असल्यामुळे दुसऱ्या पाळीहून रात्री उशिरा परतल्यावरही अर्धा घटक नीट समजून वाचता येत असे.

दुसरे कारण माणसांचे. संपर्कसत्रात, म्हणजे अभ्यासकेंद्रावर भरणाऱ्या प्रत्यक्ष वर्गात, माझ्या शेजारी पन्नाशीच्या एक अंगणवाडी सेविका बसत. त्यांची एक शंका सरांनी फळ्यावर तीनदा समजावून सांगितली आणि ‘एवढेही येत नाही का’ असे कोणीही म्हटले नाही. इमारतीपेक्षा मला ही वागणूक मोलाची वाटते.

तक्रार एकच आहे. माझ्या पहिल्या अभ्यासकेंद्रात गृहपाठ तपासून परत मिळत नसत आणि विचारल्यावर ‘नंतर या’ एवढेच उत्तर मिळे. केंद्र बदलल्यावर हा त्रास संपला. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी एखाद्या रविवारी केंद्रावर स्वतः जाऊन तेथील विद्यार्थ्यांशी बोलावे.