स्कॅन्डिनेव्हियन 'मिस्टर गिमिक'च्या नावाखाली माझे ८६,२५० रुपये गेले, या सेलरपासून सांभाळा

जुन्या निन्टेंडो व्हिडिओ गेमच्या ओरिजिनल कार्ट्रिज (कॅसेट) जमवणारी मराठी माणसं मोजकीच आहेत, आणि हा माणूस अजून विकतोय, म्हणून हे लिहितोय. टोकन घ्यायचं, घाई लावायची, तिसऱ्याच्याच खात्यावर पैसे मागवायचे, हे प्रकार तुम्हाला माहीत आहेत, मलाही माहीत होते, ते परत समजावत बसत नाही. पण हे काम जुना सोफा विकणाऱ्या भामट्याचं नाही. याला आपला छंद आतून माहीत आहे, कुठला कलेक्टर कशाने पाघळतो ते माहीत आहे, आणि त्याने ते ज्ञान माझ्यावर वापरलं याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. सनसॉफ्ट या जपानी कंपनीचा 'गिमिक' हा गेम १९९२ मध्ये जपानात फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेंडोच्या तिकडच्या मशीनवर आला. अमेरिकेत तेव्हा तो आलाच नाही. जपानबाहेर फक्त स्कॅन्डिनेव्हियात, १९९३ मध्ये, 'मिस्टर गिमिक' या नावाने निघाला. तिकडे निन्टेंडोचा माल बर्गसाला ही स्वीडिश कंपनी आणायची. तोवर सुपर निन्टेंडो हे नवं मशीन बाजारात आलेलं, जुन्या मशीनचे गेम कोण घेणार, त्यामुळे थोडीच खपलेली ही कार्ट्रिज आज जगभरचे कलेक्टर शोधत असतात. खरं म्हणजे जपानी कार्ट्रिजमध्ये सनसॉफ्टची जास्तीच्या आवाजाची चिप आहे आणि स्कॅन्डिनेव्हियनमध्ये ती सोय नाही, म्हणजे संगीत जपानीचंच भरदार. तरी लेबलवर एससीएन, म्हणजे स्कॅन्डिनेव्हियाचा कोड, लिहिलेली मिस्टर गिमिक म्हटलं की आमच्यासारख्यांचा श्वास अडकतो. लहानपणी सगळ्यांकडे ६० पिनच्या पिवळ्या कॅसेट आणि क्लोन (नकली) मशीन, ओरिजिनल निन्टेंडोची ७२ पिनची कार्ट्रिज हातात घ्यायला मला नोकरी लागेपर्यंत थांबावं लागलं. हा छंद माझ्यासाठी टाइमपास नाही.

हा सेलर मला एका ग्रुपवर भेटला. मडगावचा म्हणायचा, मराठी चांगलं, मधेच कोंकणी, व्यवहार झाला की 'देव बरें करूं दादा'. त्याची गोष्ट अशी की त्याचे काका जहाजावर होते, त्यांचं जहाज गोटेनबर्गला लागायचं, तिथून पुतण्यांसाठी त्यांनी गेम आणले आणि आता घर विकायचंय म्हणून पेटी उघडली. आता सांगा, यात खोटं काय वाटावं? गोव्यात घरटी कोणीतरी जहाजावर असतं, आणि बर्गसालाचं गाव कुंग्सबाका हे गोटेनबर्गच्या अगदी शेजारी आहे. इतका अभ्यास करून कोणी थाप मारेल असं कुणालाच वाटणार नाही. ज्यांनी मला नंतर 'तुला कळायला हवं होतं' म्हणून सुनावलं त्यांच्यातल्या एकालाही बर्गसाला म्हणजे काय ते माहीत नाही.

आणि मी सरळ गिमिकवर उडी मारली नव्हती. आधी त्याच्याकडून एससीएन लेबलची सुपर मारिओ ब्रदर्स ३ घेतली, ४,२०० रुपयांना. ती आली, मी उघडून बघितली, आत निन्टेंडोचा बोर्ड, सगळं शंभर टक्के ओरिजिनल. ही ४,२०० ची कार्ट्रिज म्हणजे त्याचं भांडवल होतं. पहिला व्यवहार स्वच्छ झाला म्हणून दुसरा स्वच्छ होईल असं धरू नका, आणि पहिला जितका स्वस्तात आणि झटपट होईल तितके जास्त सावध राहा.

मग त्याने गिमिक काढली. फक्त कार्ट्रिज ६८,५०० रुपये. बाहेरच्या भावाच्या मानाने स्वस्त, पण संशय यावा इतकी स्वस्त नाही, हेही त्याने बरोब्बर मोजलेलं. २०,००० टोकन त्याच्या स्वतःच्या नावाच्या युपीआयवर. उरलेले ४८,५०० व्हिडिओ कॉलवर माल बघून. कॉलवर त्याने माझं नाव आणि तारीख लिहिलेला कागद कार्ट्रिजशेजारी धरला, लेबल जवळून दाखवलं, मागची बाजू दाखवली, मी सांगेन तशी फिरवली, आणि मशीनमध्ये घालून गेम चालवून दाखवला. पहिली लेव्हल मी कॉलवर बघितली. यापेक्षा जास्त काळजी कोण घेतो?

आता तो क्षण, ज्याच्यासाठी मी आजही रात्री जागा होतो. त्याने ज्या मशीनमध्ये कार्ट्रिज घातली ते मशीन टॉप-लोडर होतं. एनईएस म्हणजे फॅमिकॉमचंच जपानबाहेरचं रूप, त्याचं वरून कार्ट्रिज घालायचं ते १९९३ चं छोटं मॉडेल, एनईएस-१०१. ते माझ्या डोळ्यासमोर होतं, लाकडी टेबलावर, खाली निळ्या-पांढऱ्या चौकटींचं प्लॅस्टिकचं कव्हर, टेबलाच्या कडेला जळकं भोक, आणि मी काय म्हणालो, 'अरे वा, टॉप-लोडर पण आहे का तुझ्याकडे!' तो हसला आणि म्हणाला काकांचंच. काकांचंच कसं असेल? टॉप-लोडर निघालं अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात. स्वीडनमध्ये ते विकलंच गेलं नाही. आणि त्याहून महत्त्वाचं, टॉप-लोडरमध्ये लॉकआऊट चिप नसते. साध्या पुढून घालायच्या एनईएसमध्ये एक चिप मशीनमध्ये आणि तिची जोडीदार कार्ट्रिजमध्ये असते, दोघींचं जुळलं नाही तर मशीन दर सेकंदाला रिसेट होत राहतं आणि लाल लाइट लुकलुकत राहतो. अमेरिकेची चिप वेगळी, इंग्लंड-इटली-ऑस्ट्रेलियाची वेगळी, स्कॅन्डिनेव्हिया-जर्मनीकडची वेगळी. म्हणजे कार्ट्रिज खरंच तिकडची आहे का हे पाच सेकंदांत सांगणारी एकमेव गोष्ट ती चिप, आणि त्याने मुद्दाम असं मशीन निवडलं जे ही तपासणी करतच नाही. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. इतरांना मीच समजावून सांगितलंय. पण समोर तीस वर्षं जपलेलं ते लेबल, गेमचं संगीत सुरू, आणि पलीकडून 'दादा, दुबईचा एक गिऱ्हाईक पण मागे लागलाय', अशा वेळी डोळा कार्ट्रिजवर असतो, मशीनच्या मॉडेलवर नसतो. कुणाचाही नसता.

४८,५०० पाठवताना नाव दुसरंच आलं. विचारलं तर वहिनीचं खातं म्हणाला, त्याची डेली लिमिट संपली होती म्हणे. त्यावर ६,७५० 'इन्शुअर्ड कुरिअर आणि डबल पॅकिंग'चे. मग दोन दिवसांनी म्हणाला पेटीत तळाशी बॉक्स आणि मॅन्युअल पण सापडलं, ११,००० टोकन टाका नाहीतर ते वेगळं विकतो. बॉक्ससकट मिस्टर गिमिक म्हणजे काय ते कलेक्टरला सांगायला नको. टाकले. बॉक्स आजतागायत आलेला नाही. ६८,५०० अधिक ६,७५० अधिक ११,०००, एकूण ८६,२५०.

पार्सल आलं. माझं मशीन जर्मनीहून मावसभावाने आणलेलं, पुढून घालायचं, म्हणजे स्कॅन्डिनेव्हियन कार्ट्रिज त्यात सरळ चालायलाच हवी. घातली, बटण दाबलं, लाल लाइट लुकलुकायला लागला. त्याला मेसेज केला तर म्हणतो 'दादा पिना घाण असतील, आयसोप्रोपिलने पुसा.' पुसल्या. इतर सगळ्या कार्ट्रिज चालतात, हीच नाही. मग कार्ट्रिजच्या खास स्क्रूचा ३.८ मिमीचा बिट लावून उघडली. आत नवाकोरा हिरवा बोर्ड, त्यावर निन्टेंडो हा शब्द कुठेही नाही, कुठलाही गेम भरता येणारी फ्लॅश चिप, आणि एका कोपऱ्यात दुसऱ्या कुठल्यातरी स्वस्त कार्ट्रिजमधून उपटून डाग दिलेली जुनी लॉकआऊट चिप, ३१९७. स्कॅन्डिनेव्हियन माल असेल तर तिथे ३१९५ पाहिजे. ३१९७ इंग्लंड, इटली, ऑस्ट्रेलियाची. कव्हर मात्र खरं निन्टेंडोचं, म्हणून हातात वजन आणि प्लॅस्टिक अगदी बरोबर लागतं. लेबल भिंगाखाली धरलं तर इंकजेटचे विस्कटलेले ठिपके, आणि कडेला नख लावलं तर खाली जुन्या लेबलच्या डिंकाची चिकट रेघ. बोर्डाचा फोटो त्याला पाठवला, निळी टिक आली, आणि ब्लॉक.

इथून पुढे जे झालं त्याने जास्त मनस्ताप दिला. पोलीस चौकीत पहिला प्रश्न, 'वस्तू मिळाली ना?' मिळाली. 'मग फसवणूक कसली, हा सिव्हिल मॅटर आहे.' मी सांगतोय की साहेब, ही नक्कल आहे, खरी म्हणून विकली. ते म्हणतात गेम तर तोच आहे ना, चालतो ना? आता यांना काय सांगायचं. एक जण फोनवर शोधून मला दाखवतो की हा गेम २०२३ मध्ये परत निघालाय, थोड्या पैशांत मिळतो, मग साठ-सत्तर हजार कशाला घातले, घरच्यांना माहीत आहे का. म्हणजे चौकशी माझीच. दुर्मीळ नाणं किंवा जुनं पोस्टाचं तिकीट म्हणून कोणी नक्कल विकली असती तर असं विचारलं असतं का? पैठणी म्हणून पॉलिस्टर विकलं तर नेसता येते ना म्हणून गप्प बसायचं का? मग म्हणाले सेलर गोव्याचा, तिकडे जाऊन तक्रार करा. खातं कुठलं तर भलत्याच राज्यातलं, मग म्हणाले तिकडे. सायबरवाल्यांनी प्रिंटआऊट मागवले, सगळे स्क्रीनशॉट रंगीत पाहिजेत म्हणाले, दिले, मग ज्या साहेबांनी मागवले त्यांची बदली झाली आणि नवीन साहेबांना फाइल सापडेना. बँकेत गेलो तर काउंटरवरून एकच वाक्य, पिन तुम्हीच टाकला ना सर. अरे पिन मीच टाकला, पण ते खातं तुमच्याच सिस्टिममध्ये दिसतंय ना, त्यात किती लोकांचे पैसे येऊन लगेच बाहेर जातात ते तुम्हाला दिसत नाही का? लेखी उत्तर मागितलं तर ठरलेला मजकूर, व्यवहार ग्राहकाने अधिकृत केलेला आहे, सबब दावा बंद. ज्या ठिकाणी तो ग्रुप आहे तिथे प्रोफाइल रिपोर्ट केलं, उत्तर आलं की नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. कुरिअरवाले म्हणतात आम्ही सीलबंद घेतलं सीलबंद दिलं, आणि 'इन्शुअर्ड' म्हणून घेतलेल्या ६,७५० चा तर पावतीवर उल्लेखच नाही, साधं पार्सल होतं. म्हणजे तेही पैसे खिशात. प्रत्येक जण आपली खुर्ची पुढच्याकडे वळवतो. या छंदाला कोणी गंभीरपणे घेत नाही हे अशा भामट्यांना पक्कं माहीत आहे आणि म्हणूनच ते याच धंद्यात आलेत.

जे मला उशिरा कळलं ते तुम्ही आधीच लक्षात ठेवा. हद्द आमची नाही म्हणून तक्रार नाकारता येत नाही, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३, १ जुलै २०२४ पासून लागू. तरी घेतला नाही तर त्याच कलमात पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी पाठवायची सोय आहे, मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलंय, पोच जपून ठेवलीय. फसवणुकीचं कलम आता ४२० नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, अर्जात तेच लिहा, नाहीतर तेवढ्यावरून परत पाठवतात. आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन पैसे गेले कळताच करा, पैसे त्या खात्यात असतील तरच अडवता येतात. माझ्या बाबतीत पार्सल येईपर्यंत कळायचा मार्गच नव्हता आणि तोवर खातं रिकामं.

कार्ट्रिज घेताना कव्हर उघडून बोर्डाचा फोटो मागा, दोन्ही बाजूंनी, चिपवरचे नंबर वाचता येतील असा. 'स्क्रू उघडला तर व्हॅल्यू जाते' म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका, ३.८ च्या बिटने उघडून बंद केलेल्या कार्ट्रिजचं काही बिघडत नाही. चालवून दाखवायला सांगाल तर पुढून घालायच्या मशीनवरच, आणि त्या मशीनच्या लॉकआऊट चिपची चौथी पिन कापलेली नाही हे दाखवायला सांगा, कारण ती कापली की कुठलीही कार्ट्रिज चालते. क्लोनवर किंवा टॉप-लोडरवर दाखवलं म्हणजे काहीच दाखवलं नाही. जपानी गिमिकला ६० पिन असतात, त्यामुळे कोणी कन्व्हर्टर लावून दाखवत असेल तर कॉल तिथेच बंद करा. नाव बदललं की पैसे थांबवा, वहिनी असो की आई असो. आणि कोणी काकांची जहाजावरची पेटी सांगायला लागला तर काकांच्या बंदराच्या गोष्टी ऐकत बसू नका, चिपचा नंबर विचारा.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या नावाने एक पोस्ट दिसली, या वेळी जर्मन रिलीजच्या कार्ट्रिज आणि जर्मनीत राहिलेला मामा. फोटोत तेच निळ्या-पांढऱ्या चौकटींचं प्लॅस्टिकचं कव्हर, टेबलाच्या कडेला तेच जळकं भोक. खाली मी कमेंट टाकली तर लगेच उडवली आणि मला ग्रुपमधून काढलं, म्हणजे अ‍ॅडमिनही त्यातला आहे की काय देव जाणे. तुमच्यापैकी कोणी याला पैसे पाठवले असतील, कितीही छोटी रक्कम असो, तर व्यवहाराचा यूटीआर नंबर, तारीख आणि ज्या नावावर पैसे गेले ते नाव मला मेसेज करा. एकट्याचा अर्ज ते बाजूला सारतात, पण एकाच खात्यावर पाच जणांचे पैसे गेलेले दाखवले तर 'सिव्हिल मॅटर' म्हणता येणार नाही. अधीक्षकांकडे दुसरा अर्ज जाणार आहे, त्यात तुमची नोंद जोडतो.