चिलापी, रोहू तळताना: रवा की ब्रेडचा चुरा?

उजनी धरणाच्या पाण्यातली चिलापी (तिलापिया) असो वा बाजारातला रोहू, गोड्या पाण्यातल्या मासळीला थोडा चिखलट वास असतोच. त्यामुळे आवरण कुठलंही घ्या, आधी हळद, मीठ आणि लिंबू किंवा कोकमाचं आगळ चोळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं. आंबटाने तो वास बराच मरतो.

रव्याला खटपट नाही. आलं-लसूण, तिखट लावलेली ओलसर तुकडी बारीक रव्यात दाबली की झालं; त्यात थोडं तांदळाचं पीठ मिसळलं तर रवा नीट धरतो. रवा सावकाश लाल होतो, म्हणून रोहूची बोटभर जाड तुकडी मध्यम आचेवर आतपर्यंत शिजते. खालची बाजू सुटल्याशिवाय उलथनं घालू नका, नाहीतर सगळं आवरण तव्यालाच राहतं.

चुऱ्याचं तसं नाही. आधी कोरडा मैदा, मग फेटलेलं अंडं, मग चुरा, आणि बोटांचे लाडू होतात ते वेगळंच! शिवाय ब्रेड पटकन रंगतो. जाड तुकडी बाहेरून काळपट, आत कच्ची. पण चिलापीचे बिनकाट्याचे पातळ काप असतील तर चुराच बरा. दोन-तीन मिनिटांत एक बाजू होते, वरचा थर हलका, कुरकुरीत. मुलं तर हेच मागतात.

रोहूच्या बारीक, टोकाला दुभंगलेल्या काट्यांच्या तुकडीला मात्र चुरा नकोच. काटे शोधताना तो सगळा निघून येतो. तिथे रवा, आणि सोबत ज्वारीची भाकरी.