पैसे तीन नाइट्सचे, फोटो एकाच नाइटचे

वॉरहॅमर ४०,००० या टेबलावरच्या युद्धखेळासाठी मॅग्नेट लावलेले, रंगवून तयार असलेले इम्पिरिअल नाइट (अवाढव्य लढाऊ यंत्रांची मॉडेलं) घ्यायचा विचार असेल तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. मी ज्या विक्रेत्याकडून घेतले, त्याचा धंदा अजून चालू आहे.

मला एक वॉर्डन, एक क्रुसेडर आणि एक गॅलंट, असे नाइटचे तीन प्रकार हवे होते. तिघांचा सांगाडा एकच. २०१४ साली पहिलं प्लास्टिक किट आलं, २०१५ मध्ये जास्तीची शस्त्रं आली, पण पाय आणि धड तेच राहिले. वॉर्डनच्या एका हाताला गॅटलिंग तोफ, क्रुसेडरच्या दोन्ही हातांना तोफा, गॅलंटकडे तोफ नाहीच, करवतीची तलवार आणि पोलादी पंजा. २०२३ च्या दहाव्या आवृत्तीत या प्रत्येकाचं डेटाशीट (नियमांचं पान) वेगळं, पॉइंट्स (सैन्यात घेण्याची किंमत) वेगळे. म्हणजे हात बदलला की नाइटच बदलला. म्हणून तर लोक खांद्यात निओडायमियमचे मॅग्नेट बसवतात.

जाहिरातीत हेच लिहिलं होतं: कुठलाही हात कुठल्याही नाइटला बसेल. फोटो झकास होते. तिघांचा रंग एकच, कारण तिघे एकाच घराण्याचे. तिघांची उभं राहायची ढबही एकच, पण त्यात वावगं काही नाही; किटमधले पाय एकाच ढबीत जुळतात, वेगळी हवी असेल तर घोटे-गुडघे कापून नव्याने जोडावे लागतात. एकाही फोटोत तिघे शेजारी-शेजारी उभे नव्हते. विचारल्यावर उत्तर आलं, ‘लाइटबॉक्स लहान आहे.’

एकच नाइट होता हो! डोकं, हात, ढाल आणि पाठीवरचा रॉकेट पॉड बदलून त्यालाच तीनदा उभा केला होता. मॅग्नेटची सगळी सोय फसवणुकीच्या कामी आली.

पार्सल आलं त्यात एक नाइट मूळ प्लास्टिकचा, बाकी दोन रेझिनच्या नकला. प्लास्टिकच्या चिलखताची कड नखाला लागते. या दोघांची गुळगुळीत, साबण झिजल्यासारखी. खांद्याच्या गोल पाटीवर गडद वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) दिला होता, आणि तो थ्रीडी प्रिंटच्या बारीक थरांमध्ये जाऊन बसल्यामुळे लाकडासारख्या रेघा उमटल्या होत्या. काखेत हवेचे बुडबुडे. एकाचा घोटा वजनाने वाकलेला, त्यामुळे तो पुढे झुकून उभा. तोफेवरचा रंग बोट फिरवताच पापुद्र्याने निघाला. रंगवण्याआधी रेझिन धुण्याचेही कष्ट घेतले नव्हते.

मॅग्नेटची गंमत तर और. वॉर्डनचा हात क्रुसेडरच्या खांद्याजवळ नेला की ढकलला जायचा. सगळ्या नाइट्सच्या खांद्यात मॅग्नेटचा एकच ध्रुव बाहेर आणि सगळ्या हातांत त्याच्या उलटा, एवढा साधा हिशोब असतो. इथे प्रत्येकाचा कारभार निराळा. ज्या एका गोष्टीसाठी जादा पैसे मोजले, तीच नव्हती.

मग फोटो मोठे करून पाहिले. डाव्या नडगीवर पिवळे-काळे पट्टे आहेत. वरून तिसऱ्या काळ्या पट्ट्यावर रंग उडालेला कोयरीच्या आकाराचा ठिपका आहे, आणि तो ‘तिन्ही’ नाइट्सवर त्याच जागी आहे. बेसवरच्या दगडाची चीरही तीच.

विक्रेत्याचं म्हणणं, ‘हाताने केलेल्या कामात थोडं उन्नीस-बीस होतंच.’ दोन नाइट रेझिनचे का, याला उत्तर नाही. थोड्या वेळाने मी ब्लॉक. पैसे त्याने आग्रहाने ‘मित्राला पाठवा’ या पर्यायातून घेतले होते. त्याला खरेदीचं संरक्षण नसतं, त्यामुळे तक्रार दाखल होताच बंद झाली. आणि हे दोन नाइट खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या स्पर्धांना नेताही येत नाहीत, तिथे मूळ मॉडेलच लागतं.

घ्यायचेच असतील तर सगळे नाइट एकाच चौकटीत मागा, शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद. एकाचा हात काढून दुसऱ्याला लावतानाचा सलग व्हिडिओ मागा, मधे कट नको. रंग देण्याआधीचे, करड्या प्लास्टिकचे फोटो मागा. आणि उरलेले सुटे भाग कुठे आहेत ते विचारा. एका बॉक्समधून एकच नाइट बनतो, पण डोकी, ढाली, पाठीवरची शस्त्रं उरतातच. मला सांगितलं गेलं, ‘फेकून दिले.’ हा खेळ खेळणारा माणूस स्प्रूचा (सुटे भाग ज्या चौकटीत येतात तिचा) तुकडासुद्धा फेकत नाही! माल आल्यावर शंका वाटली तर आतल्या, न रंगवलेल्या जागी प्लास्टिक सिमेंटचा (मॉडेल चिकटवायच्या गोंदाचा) थेंब टाकून पाहा. पॉलिस्टायरीन, म्हणजे मूळ किटचं प्लास्टिक, विरघळून मऊ पडतं, रेझिनला काही होत नाही. घासून पाहायचा मोह झालाच तर मास्क लावा, रेझिनची धूळ छातीला वाईट.

तेच फोटो परवा नव्या नावाने पुन्हा विक्रीला लागलेले दिसले. या वेळी नाइट चार आहेत. डावी नडगी, वरून तिसरा काळा पट्टा.