ट्रॉय बघायला जाताय? "जुनं नाणं" दाखवणाऱ्यापासून सावध राहा

तुर्कस्तानच्या ट्रिपमध्ये चानाक्कालेहून ट्रॉय बघायला गेलो होतो, म्हणजे हिसार्लिकची टेकडी, तिथून परत निघताना माझे १२० युरो गेले. कोणी जाणार असाल तर हे वाचून जा.

रस्त्याला एक माणूस भेटला, साधा, शेतकरी वाटणारा, त्याने विकायला काहीच काढलं नाही. नुसत्या गप्पा, आजोबांची जमीन खोदकामात गेली, आई आजारी असते वगैरे. मग रुमालातून एक नाणं काढून दाखवलं, त्यावर घोडा, म्हणे नांगरताना सापडलं, ट्रॉयच्या प्रायम राजाच्या काळचं आहे. मी किंमत विचारली तर त्याने ते लगेच खिशात टाकलं, विकायचं नाहीये, बाहेरच्या माणसाला तर नाहीच! तिथेच मी अडकले, पुढची दहा मिनिटं मीच त्याच्या मागे लागले होते.

भाच्याने नाणं दगडावर आपटून बघितलं, म्हणाला मावशी आवाज बद्द येतोय. मी त्याला गप्प केलं.

रात्री हॉटेलवर एकदम डोक्यात आलं, अरे ही तर सिनॉनची गोष्ट, ट्रॉयवाल्यांना रडून फसवणाऱ्या त्या ग्रीकाची. आपण म्हणतो पोटात ग्रीक सैनिक लपवलेल्या लाकडी घोड्यामुळे ट्रॉय पडलं, पण रोमन कवी व्हर्जिलने सांगितलंय त्यात खरं काम या सिनॉनचं आहे. दहा वर्षं वेढा घालून ग्रीकांना जे जमलं नाही ते याच्या रडण्याने झालं. जहाजं टेनेडॉस बेटामागे लपलेली आणि हा हात बांधलेला, माझेच लोक मला बळी देणार होते, पळून आलो म्हणतोय, प्रायमने स्वतः त्याचे हात सोडायला लावले. घोडा एवढा मोठा का केला विचारलं तर म्हणे तुमच्या वेशीतून आत जाऊ नये म्हणूनच, आत गेला तर देवीची कृपा तुमच्यावर होईल. बस, लोकांनी आपल्या हाताने तट फोडला! ट्रॉयचा पुजारी लाओकोऑन, त्याने घोड्याला भाला मारला तेव्हा पोकळ आवाज आला होता, उंबरठ्यावर घोडा चारदा अडखळला, चारही वेळा आत शस्त्रं खणखणली, प्रायमची भविष्य सांगणारी मुलगी कॅसांड्रा सांगत होती, कोणी ऐकलं नाही.

आणि मुळात ट्रॉयचं युद्ध साधारण इ.स.पू. १२०० च्या आसपासचं मानतात, नाणी तिथे शेजारच्या लिडियात सुरू झाली ती इ.स.पू. सातव्या शतकात, म्हणजे प्रायमच्या काळचं नाणं असूच शकत नाही. हे मला माहीत होतं हो, तरी त्या क्षणी आठवलं नाही. बरं नाणं खरंच जुनं निघालं असतं तर आणखी वाईट, तुर्कस्तानात १९८३ चा कायदा आहे, पुरातन वस्तू देशाबाहेर नेणं गुन्हा, जेल होऊ शकते. त्यामुळे कोणी कितीही कळवळून सांगू दे, हातात पण घेऊ नका. खऱ्या वस्तू बघायच्या तर तेव्हफिकिये गावाजवळ २०१८ ला उघडलेलं म्युझियम आहे, तिथे वेळ द्या.

भाच्याला रात्रीच सॉरी म्हटलं. तो म्हणाला, आवाज तुलाही आला होता ना मावशी?

आला होता.